आधी खिटी, मग कौतुक

"आधी खिटी, मग कौतुक."

मित्रांनो, हे चार शब्द दुरुस्तीवाल्या काकांचे. ताईने ते हसण्यावारी नेले. त्या हसण्याची ही गोष्ट आहे आणि ती मलाच सांगायला हवी, कारण तिच्यातली चार मिनिटं आता माझ्याखेरीज कुणाकडेच उरलेली नाहीत.

मी पंजात मावणारा, टेपवर चालणारा एक म्हातारा कॅमेरा आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखं काही पाहिलंही नसेल, म्हणून आधी माझी टेप कशी असते ते सांगतो. ती काडेपेटीहून थोडी मोठी असते. तिच्या पाठीवर एक इवलीशी सरकती खिटी असते. खिटी एका बाजूला असली की टेपवर हवं ते टिपता येतं. दुसऱ्या बाजूला सरकवली की टेपचं दार बंद. मग कुणी कितीही बटणं दाबोत, मी जुमानत नाही. नखाएवढी खिटी, नखानेच सरकवायची.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे स्क्रू बसवले. त्यातली एक माझ्या काचेवर फुंकर मारून म्हणाली होती, "जा बाबा, चांगलं चांगलं बघ." मी तसंच ठरवलं होतं. पहिली आठ वर्षं एका समारंभ टिपणाऱ्या माणसाकडे गेली. लग्नं, शाळेची स्नेहसंमेलनं, निवृत्तीचे निरोप मी पाहिले. माणसं माझ्यासमोर आली की केस सावरायची आणि उगीच हसायची. त्या काळात माझा मोठा मान होता. मग नवे कॅमेरे आले, मालकाने मला काकांच्या दुकानात दुरुस्तीला म्हणून ठेवलं आणि तो परत आलाच नाही. फळीवर, बिघडलेल्या रेडिओच्या शेजारी, मी तीन वर्षं धूळ खात पडलो. रेडिओ निदान अधूनमधून खरखरायचा. मी तेवढंही करत नव्हतो.

एका सकाळी ताई आली. तिला सातवा महिना चालू होता. दुकानाची एकच पायरी, पण ती भिंतीला हात लावून चढली, खुर्ची हलवून पाहिली आणि मगच बसली. काका तिला ताई म्हणाले, म्हणून मीही तेव्हापासून ताईच म्हणतो.

"काका, मला एक माहितीपट करायचाय. स्वस्तातला पण इमानी कॅमेरा द्या."

"इमानी म्हणशील तर हाच," काकांनी मला फळीवरून काढलं आणि सदऱ्याने पुसलं. "जरा कण्हतो, पण दगा देत नाही. एकच लक्षात ठेव. टेप बाहेर काढलीस की आधी खिटी, मग कौतुक. चांगलं टिपलं म्हणून माणूस नाचायला लागतो आणि खिटी राहते. आमच्या धंद्यात याच्यापायी लोकांची लग्नं पुसली गेली आहेत."

ताई खळखळून हसली. "काका, मी गॅसचं बटण तीनदा बघते. दाराची कडी लावून पुन्हा ओढून बघते. माझा नवरा म्हणतो, तुला झोपेत पण कुलूप दिसतं. मी विसरेन?"

"घाबरट माणसंच विसरतात गं. शंभर ठिकाणी लक्ष असतं ना त्यांचं."

"बरं बाबा, खिटी," ती म्हणाली आणि मला पोत्यातल्या मांजरासारखं उचलून घरी घेऊन गेली.

माहितीपट होता एका रंगाऱ्याबद्दल. घरांना, जिन्यांना रंग देणारा साधा माणूस. नऊ वर्षांपूर्वी एका औषधाच्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाचा दुकानामागच्या जिन्यात खून झाला होता. मंगळवारची दुपार होती. तो जिना त्या दिवसांत रंगारीच रंगवत होता आणि आदल्याच दिवशी दोघांचं रंगाच्या छटेवरून कडाक्याचं वाजलं होतं. "हा मोतिया आहे की आजारी माणसाचं तोंड?" असं मालक ओरडले होते आणि सगळ्या गल्लीने ते ऐकलं होतं. रंगारी म्हणत होता, मी त्या दुपारी घरी झोपलो होतो. त्याची आई म्हणत होती, हो, झोपला होता. पण आईची साक्ष कोण धरतं?

धरली गेली ती समोरच्या इस्त्रीवालीची. त्या दुपारी जिन्यातून घाईने बाहेर पडणारा माणूस तिने पाठमोरा पाहिला होता. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, कॉलर उलटवून शिवलेली, टीप पांढऱ्या दोऱ्याची. "तो शर्ट मी पन्नासदा इस्त्री केलाय," ती न्यायालयात म्हणाली, "रंगाऱ्याचाच." शर्ट रंगाऱ्याच्या घरी सापडला. कॉलरच्या दुमडीत, उलटवलेल्या शिवणीच्या आत, रक्ताचा पुसट डाग निघाला. तो मालकांच्याच रक्ताचा ठरला. रंगारी सांगत राहिला की शर्ट त्या दिवशी इस्त्रीला टाकला होता. इस्त्रीवाली म्हणाली, नाही, तो घालून गेला होता. सरकारी वकील म्हणाले, "माणूस चुकेल, पण इस्त्रीवाली कपडा चुकत नाही." हे वाक्य दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत होतं.

रंगाऱ्याला फाशीची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयांनी ती कायम केली. शेवटी उरला एक दयेचा अर्ज.

मित्रांनो, त्याने खून केला की नाही, हे मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हतो. मी फक्त जे समोर येतं ते पाहतो. पण मी काय काय पाहिलं, ते ऐका.

पहिल्यांदा पाहिली रंगाऱ्याच्या आईची खोली. एकच खिडकी, एक खाट, आणि अर्धीच रंगवलेली भिंत. वरचा भाग फिकट हिरवा, खाली जुना पिवळा, आणि मधे कुंचला जिथे थांबला तिथली वेडीवाकडी कड.

"दुसऱ्यांचे बंगले रंगवायचा आणि आपल्या घरात अर्धी भिंत," आजी म्हणाल्या. "मी रोज बोलायची, अरे, लोक हसतील. म्हणायचा, रविवारी करतो. तो रविवार यायच्या आत नेलं त्याला."

"मग दुसऱ्या कुणाकडून..." ताईने विचारलं.

"छे गं! तो येऊन म्हणेल, कुणी हात लावला माझ्या कामाला?"

मग त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले, जणू मी डॉक्टर आहे. "ती कॉलर मीच उलटवली होती. त्या दिवशी अंगात ताप होता, निळा दोरा आणायला कोण जाणार? पांढरा हाताशी होता, त्याने शिवली. माझे टाके होते म्हणून ओळखला गेला तो शर्ट. कळलं का बाळ? माझे टाके."

ताईने मला बंद केलं नाही, पण माझं तोंड अलगद भिंतीकडे वळवलं. ती चांगली आहे हे मला तेव्हा कळलं.

मधल्या काळात ताईला मुलगी झाली. गुबगुबीत म्हणून तिला सगळे ढमी म्हणू लागले. ढमी आल्यावर ताईची काळजी दुपटीने वाढली. ती झोपलेल्या ढमीच्या नाकाखाली बोट धरून श्वास मोजायची. टेबलांचे कोपरे तिने जुन्या मोज्यांनी बांधून टाकले. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. तो म्हणायचा, "हिचा नंबर मी तपासला आहे. हिला जे घडलेलं नाही ते लांबूनही स्पष्ट दिसतं." ती चिडायची, पण हसायचीसुद्धा.

टेपा मोजक्याच होत्या. महत्त्वाच्या एका डब्यात जायच्या, बिनमहत्त्वाच्या पुसून पुन्हा वापरायच्या. सुरुवातीला ताई प्रत्येक टेपची खिटी सरकवायची. मग एका हाताला ढमी आली आणि खिट्या कधी सरकायच्या, कधी राहायच्या.

इस्त्रीवाली मावशी तीनदा बोलायचं टाळून गेली. पहिल्यांदा म्हणाली, "गिऱ्हाईक आहे." दुसऱ्यांदा म्हणाली, "जे बोलायचं ते तेव्हा बोलले." तिसऱ्यांदा तिने आम्हाला कोळशाची इस्त्री आणि विजेची इस्त्री यांतला फरक तासभर सांगितला आणि निरोप दिला. गंमत म्हणजे ते ऐकण्यासारखं होतं. "कापडाला धाक दाखवायचा नसतो, समजूत घालायची असते," असं ती म्हणाली.

चौथ्यांदा ढमीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ताई तिला कडेवर घेऊनच गेली. ढमी किरकिर करत होती. मावशीने काही न विचारता तिला घेतलं, नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीची ऊबदार घडी फळीवर पसरली आणि ढमीला तिच्यावर निजवलं. दोन मिनिटांत ढमी झोपली. मावशी तिच्याकडे बघत उभी राहिली.

"माझी झोपत नाही कधीच अशी," ताई म्हणाली.

"गरम घडीवर सगळी पोरं झोपतात. माझी पण झोपायची." मग चादरीची कड सारखी करत मावशी म्हणाली, "ते तुझं यंत्र चालू आहे का?"

"आहे. बंद करू?"

"नको. राहू दे."

मित्रांनो, इथून पुढची ती चार मिनिटं. ती जशी ऐकली तशी सांगतो.

"आमच्या दुकानाची एक रीत होती, पोरी. गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हती. कुणाची नोकरीची मुलाखत असायची, कुणाच्या घरचं लग्न असायचं, आणि अंगावर धड कपडा नसायचा. मी फळीवरचा एखादा चांगला शर्ट त्याला एका दिवसाला घालायला द्यायची. संध्याकाळी परत आला की पुन्हा इस्त्री करून ज्याचा त्याला. कापडाचं काही झिजत नाही आणि एखाद्याची मान दिवसभर ताठ राहते. पाप वाटायचं नाही मला त्याचं.

"त्या आठवड्यात पलीकडच्या धर्मशाळेत एक जण उतरला होता. मुलाखत आहे म्हणाला. मी त्याला रंगाऱ्याचा शर्ट दिला. मंगळवारी सकाळी दिला असं मला वाटतं. सोमवारी असेल तर देव जाणे, पण मला मंगळवारच वाटतो. दुपारी तो शर्ट जिन्यातून पळताना दिसला. तोंड नाही दिसलं. शर्ट दिसला. बुधवारी त्या माणसाने शर्ट परत आणला, तो धुऊन. इस्त्रीवालीकडे कपडा धुऊन कोण आणून देतं गं? तेव्हाच मला संशय आला. पण मी इस्त्री फिरवली, घडी घातली आणि रंगाऱ्याला दिली.

"पोलीस आले तेव्हा म्हणाले, शर्ट कुणाचा? मी म्हटलं, रंगाऱ्याचा. खोटं नव्हतं ते. मग न्यायालयात विचारलं, त्या दिवशी तुमच्याकडे होता का? हो म्हटलं असतं तर कुणाला दिला ते सांगावं लागलं असतं. अख्ख्या गल्लीला कळलं असतं की मी लोकांचे कपडे परक्यांना घालायला देते. दुसऱ्या दिवसापासून एक रुमालसुद्धा आला नसता माझ्याकडे. मला वाटलं, चार-दोन वर्षांत सुटेल तो. फाशी देतील असं नव्हतं गं वाटलं. फाशीचा निकाल लागला त्या दिवशी माझ्या हातून एक सदरा जळला. तीस वर्षांत पहिलाच."

मावशीने डोळे पुसले आणि पुढे म्हणाली, "एवढंच. हे मला कुणीतरी आधी विचारायला हवं होतं." मग इस्त्रीकडे वळून म्हणाली, "चहा गार झाला तुझा."

निघताना ढमीला परत देताना तिने ताईचा हात धरून ठेवला. "सोमवारी ये. तो माणूस कसा दिसत होता ते आठवून ठेवते. येशील ना? मला अजून बोलायचंय."

"नक्की येते, मावशी."

त्या संध्याकाळी ताईने रंगाऱ्याच्या वकिलांना फोन केला. वकील म्हणाले, "फार मोठी गोष्ट आहे ही. टेप आणाच, पण बाई बोलल्या तो प्रत्येक शब्द कागदावर उतरवूनही आणा. मला अर्जाला जोडायचाय." त्या काळी टेपची नक्कल घरच्या घरी करता येत नसे. त्यासाठी संकलकाच्या खोलीवर जावं लागे. ताईने ठरवलं, आधी उतरवून काढू, मग सकाळी नक्कल.

ती मला घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. टेप माझ्याच पोटात होती. तिने मागे नेऊन, पुढे नेऊन, ती चार मिनिटं जिथे सुरू होतात तिथे बरोबर आणून थांबवली. पेन्सिलीला टोक काढलं. वहीच्या माथ्यावर लिहिलं, 'इस्त्रीवाली मावशी, टेप एकवीस'. आणि ढमी रडायला लागली. दात येत होते. ताई उठली, तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत राहिली आणि शेवटी तिच्याशेजारीच झोपून गेली. झोपण्याआधी तिने गॅसचं बटण तीनदा पाहिलं. दाराची कडी ओढून पाहिली.

माझ्याकडे पाहिलं नाही.

सकाळी खिडकीतून ऊन आलं होतं. नवरा बूट घालत होता. ढमी खुर्चीचा पाय धरून उभी होती. आणि तिने पाय सोडला.

"अगं, ढमी बघ! ढमी!" नवरा ओरडला.

ताई धावत आली. ढमी हात पसरून, दारू प्यालेल्या सरदारासारखी डुलत होती. ताईचा चेहरा मी तितक्या जवळून तितका आनंदी कधीच पाहिला नव्हता. तिने मला उचललं आणि लाल बटण दाबलं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना नाही म्हणता येत नाही. खिटी सरकवलेली असती तर आलं असतं. मी आतून कण्हलो. माझं चाक फिरू लागलं आणि मला जाणवत होतं, एकेक शब्द जात होता. 'आमच्या दुकानाची एक रीत होती' यावर ढमीचं पहिलं पाऊल पडलं. धर्मशाळेतल्या माणसावर दुसरं आणि तिसरं. मग ती पडली, हसली, पुन्हा उठली. एकूण सहा पावलं टाकली. सहाव्याला ती बाबांच्या गुडघ्यांवर जाऊन आदळली. "माझी राणी! माझी राणी गं ती!" असं ताई म्हणत होती. पुढे तिला पुन्हा चालायला लावणं, टाळ्या, पापे. चार मिनिटं आणि थोडंसं वर.

तिने मला खाली ठेवलं. मग तिची नजर वहीवर गेली.

तिने टेप मागे घेतली आणि चालवली. मावशी म्हणाली, "नको. राहू दे." माझ्या इवल्या पडद्यावर चित्राच्या दोन-चार चौकटी फुटल्या. ढमी चालायला लागली. ताईने पुन्हा मागे घेतली. "नको. राहू दे." ढमी. पुन्हा. नवऱ्याने एक बूट तसाच हातात धरून विचारलं, "काय झालं?" ढमी मात्र स्वतःला पडद्यावर पाहून टाळ्या वाजवत होती.

वकील रागावले नाहीत. ते म्हणाले, "टेप गेली, पण बाई आहेत ना? त्यांना घेऊन या. शपथेवर लिहून घेऊ. तुमच्या एकटीच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही चित्रपट करणाऱ्या, आणि त्यांची जुनी साक्ष शपथेवरची."

सोमवार दोनच दिवसांवर होता. पण रविवारी ढमी तापाने फणफणली. आणि खरं सांगायचं तर ताप हा अर्धाच भाग होता. ताईला मावशीसमोर उभं राहायची लाज वाटत होती. नऊ वर्षं छातीवर बाळगलेला धोंडा त्या बाईने एकदाचा उतरवला होता. आता तिला काय सांगायचं? मावशी, तो पुन्हा उचला? ती मंगळवारी जाते म्हणाली, बुधवारी जाते म्हणाली. गुरुवारी गेली.

दुकान बंद होतं. शेजारच्या चप्पल शिवणाऱ्याने सांगितलं, "म्हातारीला मंगळवारी झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. सोमवारी दिवसभर दारात बसून होती बघा. मी म्हटलं, मावशी, कुणाची वाट बघताय? म्हणाली, एक पोरगी येणारे."

रुग्णालयात आम्ही तिघं गेलो. ताई, वकील आणि मी. यावेळी माझ्यात नवी टेप होती. मावशीचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. लिहायचा हात निकामी झाला होता, आणि लिहिता तरी कुठे येत होतं तिला? तिने ताईला ओळखलं. डोळ्यांतून धारा लागल्या.

वकिलांनी हळूच विचारलं, "मावशी, त्या दिवशी शर्ट तुम्ही दुसऱ्याला दिला होता का?"

मावशीने मान हलवली. हो.

ताईने श्वास सोडला. वकिलांनी मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "शर्ट रंगाऱ्याच्या अंगावर होता का?"

मावशीने मान हलवली. हो.

खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलं होतं. वकिलांनी शेवटचं विचारलं, "मावशी, बाहेर पाऊस पडतोय का?"

मावशीने ताईकडे बघत, जीव तोडून, मान हलवली. हो, हो, हो.

वकिलांनी पिशवीची चेन लावली.

दयेचा अर्ज फेटाळला गेला. त्याआधी ताईला रंगाऱ्याला एकदा भेटू दिलं. मला आत जायची परवानगी नव्हती. घरी येऊन ती नवऱ्याला सांगत होती ते मी ऐकलं. तिने रंगाऱ्याला काही लपवलं नव्हतं. चादरीची घडी, चार मिनिटं, खिटी, सोमवार, सगळं सांगितलं होतं. त्याने जाळीपलीकडून सगळं ऐकून घेतलं.

"मग म्हणाला, किती पावलं टाकली?" ताई सांगत होती. "मी म्हटलं, सहा. म्हणाला, पहिल्याच दिवशी सहा? आई म्हणते मी दोन टाकली आणि बसलो. हसला रे तो. आणि म्हणाला, पोरीला मोठी झाल्यावर हे ऐकवू नका. तिने काय केलंय? चालली फक्त."

नवऱ्याने तिला जवळ घेतलं. ती रडली नाही. ती उठून गॅसचं बटण बघून आली.

पुढच्या आठवड्यात, एका सकाळी दूध तापत असताना, फोन आला. झालं होतं. ताईने फोन ठेवला. दूध उतू गेलं, सगळ्या ओट्यावर पसरलं, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की ती गॅस बंद करायला उठली नाही.

त्यानंतर आम्ही रंगाऱ्याच्या आईकडे गेलो. तुरुंगातून त्याच्या वस्तूंचं एक पुडकं आलं होतं. त्यात शर्ट नव्हता, तो पुरावा म्हणून राहिला. आजी भिंतीच्या त्या वेड्यावाकड्या कडेशी पाठ टेकून बसल्या होत्या. ताई त्यांच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "आजी, माझ्यामुळे." आजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि तिला दूरही लोटलं नाही. त्या म्हणाल्या, "मी पांढरा दोरा वापरला, तिने शर्ट दिला, तू बटण दाबलंस. बायकाच सगळ्या. कुणाला तरी मारायचं होतं का गं आपल्याला?"

माहितीपट पुरा झाला. त्यात सरकारी वकील आहेत. ते म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला अपराधाच्या भावनेने न घडलेलंही आठवतं. त्यात औषधवाल्या मालकांची मुलगीही आहे. ती म्हणते, "माझ्या वडिलांना चष्मा कपाळावर ढकलायची सवय होती, हे या सगळ्यात कुणी एकदा तरी विचारलंत का?" त्यांचंही खरं आहे. ताईने कुणाचं काही कापलं नाही.

टेप एकवीसही तिने कापली नाही. संकलक म्हणाला, "घरगुती चित्रण आहे हे, लोक गोंधळतील." ती म्हणाली, "जसं आहे तसं राहू दे." म्हणून लहानशा सभागृहात, शंभरेक माणसांसमोर, मावशी म्हणाली, "नको. राहू दे." चौकटी फुटल्या. आणि स्वयंपाकघरातल्या उन्हात ढमी चालू लागली. एक, दोन, तीन. प्रेक्षक आधी हसले. गोड पोर पडलं की हसूच येतं. ताईचा आवाज पडद्यावर "माझी राणी" म्हणत राहिला. चौथ्या मिनिटाला कुणीच हसत नव्हतं. पुन्हा चौकटी फुटल्या आणि मावशी डोळे पुसून म्हणाली, "एवढंच. हे मला कुणीतरी आधी विचारायला हवं होतं. चहा गार झाला तुझा."

आता मी पुन्हा फळीवर असतो, पण यावेळी ताईच्या घरातल्या. माझ्या शेजारी टेप एकवीस आहे. तिची खिटी ताईने त्याच सकाळी, सगळं कळल्यावर, सरकवून ठेवली. ढमीची सहा पावलं आता कुणालाही पुसता येणार नाहीत. ताई दर सोमवारी मावशीकडे जाते. काही विचारत नाही. तिच्या निकामी हाताखाली एक गरम घडी ठेवते आणि बसते.

सभागृहात शेवटी दिवे लागले तेव्हा कुणीतरी ताईला विचारलं होतं, आम्ही काय करावं? सगळ्यांना वाटलं, ती कायद्याबद्दल, शिक्षेबद्दल काही म्हणेल. ती माझा पट्टा मनगटाला गुंडाळत उभी राहिली. मग जे म्हणाली, तेच तिने मला तुमच्यापर्यंत पोचवायला सांगितलं आहे, मित्रांनो.

"तुम्हाला कुणीतरी म्हणालं असेल, 'ये ना एकदा, मला बोलायचंय.' तुम्ही म्हणाला असाल, 'नक्की येते.' तो माणूस आठवा. सोमवारची वाट बघू नका. दारात बसलाय का तो, तेवढं आज बघून या."